दिवसाआडचं हिव

माणसाला एकटेपणाची सवय होते, असं म्हणतात. म्हणणारे भरल्या घरात मांडीवर पोर घेऊन बसलेले असतात, त्यांचं काय जातंय म्हणायला. सोनारीच्या सत्यभामाला नवरा जाऊन लई वर्षं झाली होती. मूलबाळ झालंच नव्हतं. सुगीला दिराच्या घरून ज्वारीचं पोतं यायचं, तेवढाच गोतावळा. आणि सवय काही झाली नव्हती.

ती वाकळा शिवायची. जुन्या लुगड्यांचे, धोतरांचे थर एकावर एक घालून असे बारीक टाके घालायची की परंड्याच्या बायासुद्धा गाठोडी पाठवायच्या. पण वाकळ शिवणं हे खरं तर चारचौघींचं काम. चार कोपऱ्यांना चार जणी बसतात, गावभरच्या उखाळ्यापाखाळ्या काढतात आणि बोलता बोलता वाकळ होऊन जाते. सत्यभामा चारी कोपऱ्यांना एकटीच सरकत राहायची. बाया यायच्या, गाठोडं उंबऱ्याच्या आत सरकवायच्या, "काकू, संक्रांतीच्या आत द्या बरं का," म्हणायच्या आणि आल्या पावली जायच्या. तिच्याशी कुणाचं वैर नव्हतं. वैर असतं तर निदान भांडायला तरी कुणी आलं असतं.

सोनारीत माणसांपेक्षा माकडं जास्त. भैरवनाथाची म्हणून त्यांना कुणी हाकलत नाही. सत्यभामाच्या पत्र्यावर एक म्हातारी माकडीण येऊन बसायची, तिच्याशी ती बोलायची. "आज काय मिळालं गं तुला? नारळ? मजा हाय बाई तुझी." दिवसभरात तोंड उघडायचं ते एवढ्यासाठीच.

त्या वर्षी पाऊस उशिरापर्यंत रेंगाळला होता. ओढ्याकाठी डबकी साचली होती, डासांनी उच्छाद मांडला होता. तिकडं कुठं मोठी लढाई चालली होती, इकडं निजामसरकारची लेव्ही खळ्यावरचं धान्य उचलून न्यायची. पण देवाचं काही थांबत नाही. आश्विनात जोगेश्वरी देवीपुढं घट बसले आणि दुपारच्या वेळी देवळात आराध्यांची गाणी सुरू झाली. सत्यभामा रोज जायची, शेवटच्या खांबाला टेकून बसायची. विधवा बाईनं पुढं बसू नये, असं तिला कुणी सांगितलं नव्हतं. सांगावं लागत नाही ते.

त्या मंगळवारी सकाळपासूनच तिला जांभयांवर जांभया येत होत्या. पोटऱ्या ओढत होत्या, तोंड कडू पडलं होतं. अंग सांगत होतं, बाई, आज घरीच पडून राहा. पण ऐकतंय कोण? नवऱ्याच्या नुसत्या खाकरण्यावरून तिला कळायचं, आज ह्यांना कढत पाणी लागणार. सासूच्या कण्हण्यावरून कळायचं, आज गुडघे दुखतायत का मन. सगळ्यांच्या अंगाचं ऐकता ऐकता जन्म गेला, स्वतःच्या अंगाचं मात्र तिनं कधी कान देऊन ऐकलं नव्हतं. ऐकून सांगायचं कुणाला?

तर ती देवळात जाऊन बसली. संबळ सुरू झाला. तुळजाबाई आराधिणीनं गाणं धरलं. ही तुळजाबाई म्हणजे सत्यभामाच्या समोरच्याच घरातली. गळ्यात कवड्यांची माळ, कपाळभर कुंकू आणि आवाज असा की शिवेवरच्या गुराख्यानंही ऐकावा. गाणं चढलं आणि सत्यभामाच्या पाठीच्या कण्यातून गार पाण्याची धार सोडावी तसं काहीतरी खाली उतरलं. दात वाजायला लागले. खांदे उडायला लागले. खांब धरायला गेली, तर खांब हाती येईना. सारं अंग थडाथडा हलायला लागलं.

तुळजाबाईचं गाणं थांबलं. "आई आली," ती म्हणाली. "भामीच्या अंगात आई आली."

मग काय विचारता. बाया धावल्या. एकीनं तिला पाठीमागून धरलं, एकीनं डोक्यावरचा पदर सावरला, तुळजाबाईनं मूठभर भंडारा उधळला आणि सत्यभामाच्या कोऱ्या कपाळावर आडवा मळवट भरला. कुंकू. जी बाई हळदीकुंकवाच्या दिवशी दार लावून बसायची, तिच्या कपाळावर. देवीला कुठली आली विधवा? चारपाच जणींचे हात तिच्या अंगावर होते. खांद्यावर, पाठीवर, केसांवर. हे हात ऊन होते. सत्यभामा थंडीनं कुडकुडत होती आणि मनात म्हणत होती, कुणी हात काढू नका गं.

त्या दिवशी तिला मनापासून वाटलं की आईच आली. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन. घरी गेल्यावर अंग तव्यासारखं तापलं, डोकं फुटायला आलं, मग घामानं वाकळ भिजली आणि तिला झोप लागली. आईचं तेज सोसायचं म्हणजे एवढं होणारच, असं तिनं स्वतःला समजावलं. दुसरा दिवस अगदी धड गेला. तिसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा थंडी आली, तेव्हा तुळजाबाई आणखी दोघींना घेऊन विचारपूस करायला आलेलीच होती. संबळ नाही, गाणं नाही, तरी आई घरी चालत आली म्हटल्यावर गावात खबर पसरायला कितीसा वेळ?

लोक यायला लागले. एक दिवस सोडून एक दिवस, दुपारच्या वेळी. ओसरीवर जागा पुरेना. कुणाची म्हैस हरवलेली, कुणाचा पोरगा सोलापूरला गिरणीत गेलेला, कुणाला हे विचारायचं की लेव्हीतून ज्वारी किती वाचंल. सत्यभामाच्या तोंडून "हूं, हूं, हूं" याखेरीज काही निघत नसे, दातांवर दात बसत नव्हता तिथं बोलणार काय. पण तुळजाबाई होती ना. ती कान जवळ नेऊन ऐकायची आणि सांगायची, "आई म्हणती, म्हैस उगवतीकडं बघ." म्हैस सापडायचीही. ती म्हैस तशीही रोज उगवतीकडच्या ओढ्यातच डुंबत पडायची, पण ते कोण बोलणार.

आणि खरी मौज मधल्या दिवशी. त्या दिवशी अंग हलकं असायचं आणि घरात माणसं असायची. कुणी पिठलं आणून द्यायची, कुणी पाण्याची घागर. शेजारच्या पोरी वाकळेच्या कोपऱ्यांना बसायच्या. एक दिवस तुळजाबाईनं तेलाची वाटी आणली, तिला पुढ्यात बसवलं आणि तिचे केस विंचरले. "कसं झालंय गं भामे केसांचं," ती गुंता सोडवत म्हणाली. माहेरची आई गेल्यापासून सत्यभामाच्या केसांना दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता.

पण कोंबडं झाकून ठेवलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. एका दुपारी थंडी उतरून ताप चढला, तेव्हा तिला एकदम माहेरचं अंगण आठवलं. ती परकर नेसायची तेव्हाची गोष्ट. असंच एक दिवसाआड हिव यायचं तिला. अशाच जांभया, असाच कडू घसा, आणि आई गुळवेलीचा काढा करून नाक दाबून पाजायची. "दिवसाआडचं हिव लई चिकट अस्तंय," आई म्हणायची, "अंग आधी सांगतंय, तवाच वळखावं." तेव्हाचं सगळं जसंच्या तसं तिला आत्ता अंगात दिसलं. तीच थंडी, तीच वेळ, तोच घाम. देवीबिवी काही नाही. साधं हिव. गावात दर पावसाळ्यानंतर दहा जणांना येतं तेच.

घराच्या मागं लिंबाचं झाड होतं आणि त्यावर अंगठ्याएवढी जाड गुळवेल चढलेली होती. हात लांबवला की तुटेल. परंड्याला सरकारी दवाखाना होता, लढाईमुळं हिवावरचं कोयनेल तोलून मापून देत असले तरी देत होते. बाजारच्या दिवशी गाडी जायची. सत्यभामाला सगळं ठाऊक होतं. ती लिंबाखाली गेलीसुद्धा, वेलीला हात घातला, आणि उभी राहिली. काढा प्यायला की हिव जाणार. हिव गेलं की आई गेली. आई गेली की तुळजाबाई तेलाची वाटी घेऊन कशाला येईल?

तिनं वेल सोडली आणि घरात आली.

तिथून पुढं ती आपलं अंग ऐकायला शिकली, आणि कशासाठी शिकली ते बघा. सकाळी उठल्या उठल्या पहिली जांभई कशी येते, ती झोपेच्या जांभईपेक्षा कशी वेगळी, जबड्याच्या मुळापासून निघणारी. मग नखं बघायची. नखांचा गुलाबीपणा जाऊन ती जांभळट दिसायला लागली की दुपार नक्की. मग पोटऱ्या, मग दोन खांद्यांच्या मधे रुपयाएवढी जागा गार पडायची. इतकं बारकाईनं तिनं कधी कुणाचं ऐकलं नव्हतं. आणि सगळं ऐकून करायची काय, तर पोरीच्या हातून तुळजाबाईला निरोप धाडायची, "आज आई येणार हाय." आईची वेळ आधी कळते म्हणून तिचा मान आणखी वाढला. अंग बिचारं सांगत होतं, मला सोडव. ती त्याचा निरोप दुसऱ्याच पत्त्यावर पोचवत होती.

करावं तसं भरावं. मधला दिवसही आता धड जाईना. डाव्या बरगडीखाली दडस लागायला लागलं, कुशीवर वळलं की दुखायचं. पोटातली पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढली होती, हिव मुरलं की वाढते तशी. डोळे पिवळट झाले. सुईत दोरा ओवायला घेतला तर हात थरथरायचा. लोक म्हणायचे, आईनं सगळं मांस खाल्लं बघा हिचं, केवढी भक्ती. सत्यभामा गप्प बसायची. तिचं अंग दिवसेंदिवस मोठ्यानं बोलत होतं आणि ती त्याला म्हणायची, थांब की जरा, आत्ता कुठं माणसं यायला लागलीत.

दसरा झाला, कोजागिरी झाली. हिवाच्या पाळीच्या एका दुपारी ओसरी भरलेली असताना धोंडीबा आपल्या सुनेला घेऊन आला. धोंडीबा हा वरच्या आळीचा कुणबी, तोंडाचा फटकळ पण मनाचा वाईट नाही. सून कमल, चौदापंधरा वर्षांची, बार्शीकडची. म्हणजे इंग्रजी मुलखातली. लग्न होऊन मोगलाईत आली, त्याला सहा महिनेही झाले नव्हते. पोरगी काडीसारखी झाली होती. तिचा नवरा दारात चपला काढून तिथंच खांबाआड उभा राहिला.

"आई यायच्या आधीच आलाव," धोंडीबा तुळजाबाईला म्हणाला. "ही पोर एक दिसाआड घुमती. पिसाटावानी हालती. भगत म्हणला, माहेरची बाधा हाय, शीव वलांडताना लागलीया. मिरच्याची धुरी द्या म्हणला. म्हणलं आधी आईला इचारावं. आई व्हय म्हणली तर आज सांजच्याला धुरी देताव."

मिरच्यांची धुरी म्हणजे काय ते सत्यभामानं पाहिलं होतं. तोंडावर घोंगडी टाकून आत जळत्या मिरच्यांचा धूर कोंडतात. धडधाकट माणूस गुदमरतो त्यात.

कमल तिच्या शेजारी पाटावरच बसवली होती. सत्यभामाची सकाळपासूनची जांभई झाली होती, नखं जांभळी पडली होती, खांद्यामधली जागा गार व्हायला लागली होती. अजून थोडा अवकाश होता. तिनं पोरीकडं पाहिलं. पोरगी जांभई देत होती. जबड्याच्या मुळापासून. सत्यभामानं तिचा हात हातात घेतला आणि नखं पाहिली.

"पहिल्यांदा कुटं गार पडतंय गं?" तिनं हळू विचारलं.

पोरीनं वर पाहिलं. सगळे जिला आई म्हणत होते तिला ती म्हणाली, "हितं, काकू. पाठीत, मधी. म्या रोज सांगते, मला हिव वाजायलंय, पांघराया द्या. तर म्हणत्यात गप बस, ही तू बोलत न्हाईस. म्याच बोलते हो काकू. दुसरं कोण बोलंल?"

सत्यभामाच्या हातात तो हात तसाच राहिला. आणि मग तिची थंडी आली. अशी आली की अंग पाटावरून उडालं. संबळवाल्यानं टिपऱ्या उचलल्या, बायांनी हात जोडले, धोंडीबानं डोक्यावरचा पटका काढून पायाशी ठेवला. "आई, बोल," तो म्हणाला, "धुरी द्यावी का न्हाय?" शेजारी कमलचीही थंडी सुरू झाली होती. एकाच पाटावरल्या दोन बाया एकाच तालात हलत होत्या. बघणाऱ्यांना वाटलं, एका आईला दोन घरं झाली.

तुळजाबाईनं कान जवळ आणला. सत्यभामाच्या तोंडून "हूं, हूं" निघत होतं. तुळजाबाईनं मान हलवली. "आई म्हणती..." तिनं सुरुवात केली.

सत्यभामानं तिच्या तोंडावर हात ठेवला. थरथरता, गारठलेला हात, पण घट्ट ठेवला.

"आई काय म्हणत न्हाय," ती म्हणाली. दात वाजत होते, एकेक शब्द तुकड्यांनी बाहेर पडत होता. "म्या म्हणते. पोरीला हिव हाय. साधं हिव. वाकळ टाका तिच्यावर. आन् परंड्याला न्या. धुरी देऊ नगा, मरंल."

संबळ थांबला.

"आन् तुझं मग काय हाय?" तुळजाबाईनं तिचा हात तोंडावरून बाजूला केला होता.

"माझंबी हिवच."

"आज हाय, का पयल्यापासून?"

इथं ती खोटं बोलू शकली असती. आजच आईनं सोडलं, आजच कळलं, असं म्हटलं असतं तर निम्मी ओसरी शाबूत राहिली असती. थोडी लाज वाचली असती. पण शेजारी ती पोर कुडकुडत होती आणि जे खरं होतं तेच पहिल्यापासून सांगत आली होती.

"पयल्या दिशी आईच वाटली," सत्यभामा म्हणाली. "मग कळलं. कळून गप बसले. आई खोटी न्हाय, म्या खोटी. तुमी येत हुता म्हणून गप बसले."

तुळजाबाई उठली. तिनं कवड्यांची माळ सारखी केली, सत्यभामाकडं पाहिलंसुद्धा नाही, आणि सरळ समोरच्या आपल्या घरात गेली. तिच्यामागून बाकीच्या बाया गेल्या. एकीनं ओसरीवर ठेवलेला नारळ परत उचलला. कुणी शिवी दिली नाही, कुणी हात उगारला नाही. गरज सरो वैद्य मरो ही तर जगाची रीत, आणि इथं वैद्यच बनावट निघाला. बघता बघता ओसरी रिकामी झाली, खांबाआडच्या कमलच्या नवऱ्यानं तेवढं आत येऊन बायकोच्या अंगावर अर्धी शिवलेली वाकळ टाकली. मग तीच वाकळ ओढून निम्मी सत्यभामावर घातली.

धोंडीबा दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी गाडी जुंपून परंड्याला निघाला. सत्यभामा गाडीच्या वाटेवर जाऊन उभी राहिली. "मलाबी न्या," ती म्हणाली. धोंडीबा रागातच होता, पण त्यानं गाडी उभी केली आणि कडब्याची पेंढी सरकवून जागा केली. कमल तिच्या खांद्याला टेकून झोपली. ती सत्यभामाला टेकली होती ते झोपेत, माणूस झोपेत कशालाही टेकतं, हे सत्यभामाला कळत होतं. तरी परंडा येईपर्यंत ती हलली नाही.

दवाखान्यातला डॉक्टर हैदराबादकडचा होता. त्यानं सत्यभामाला आडवं केलं, डाव्या बरगडीखाली बोटं दाबली, तशी ती कळवळली. "इतने दिन क्या कर रहे थे, अम्मा?" त्यानं विचारलं. "तकलीफ मालूम नहीं पडी?" सत्यभामानं छताकडं पाहिलं. तकलीफ पहिल्या दिवसापासून मालूम होती, हे तिनं सांगितलं नाही. त्यानं दोघींना कडूजहर औषध दिलं आणि परत यायला सांगितलं. घरी येऊन तिनं गुळवेलही तोडली. काढा केला. नाक दाबायला कुणी नव्हतं, तिचं तिनं दाबलं.

कार्तिक लागला. हिवाची पाळी आली की ती सकाळपासून कान लावून बसायची. सवयच पडली होती. जांभई आली नाही. नखं बघितली, गुलाबी. पोटऱ्या गप्प. दुपार आली आणि गेली. पत्र्यावर माकडीण दाणकन उतरली, बाकी ओसरीवर कुणी चढलं नाही. पुढच्या पाळीला तेच. त्या पुढच्या पाळीला तर तिला कडकडून भूक लागली, तिनं दोन भाकरी ठेच्याशी खाल्ल्या आणि पचवल्या. बरगडीखालचं दडस उतरत चाललं होतं. चांगलं झालं की. जीव वाचला. कुणीही म्हणेल, बाई, देवानं सोडवलं तुला.

आणि सत्यभामा बसून रडली. ताप आला नाही म्हणून रडणारी बाई सोनारीत आधी झाली नसेल. वाकळेचं एक गाठोडं कुणीतरी सकाळी उंबऱ्याच्या आत सरकवून गेलं होतं, हाकसुद्धा न मारता. ते तसंच पडलं होतं. ताप गेला होता, कडू तोंड गेलं होतं, दुखणं गेलं होतं, पण अंग अजून काहीतरी सांगत होतं. ते काय, हे आता तिला कळायला वेळ लागला नाही. इतके दिवस ऐकत होती ती. भूक लागली की पोट सांगतं, तहान लागली की घसा सांगतो. हे सगळ्या कातडीभर होतं. औषधाच्या बाटलीत त्यावर काही नव्हतं.

ती उठली, पदर सावरला आणि रस्ता ओलांडून तुळजाबाईच्या अंगणात गेली.

तुळजाबाई बियाण्याच्या शेंगा फोडत बसली होती. तिनं मान वर केली नाही. शेंग फुटल्याचा आवाज येत राहिला.

"आक्का," सत्यभामा म्हणाली, "जरा हात लावून बघता का? ताप हाय का न्हाय, माझं मला कळंना."

हे खोटं होतं. तिच्या अंगात काय चाललंय ते साऱ्या परंडा तालुक्यात तिच्याइतकं कुणाला कळत नव्हतं. तुळजाबाईनं हातातली शेंग फोडली, दाणे सुपात टाकले, फोलपटं झटकली. मग हात लुगड्याला पुसला आणि हाताची पाठ सत्यभामाच्या कपाळाला लावली. लावली आणि काढून घेतली.

"गार हायस."

"व्हय."

"तुला ठावं हुतं."

"व्हय."

"मग कशाला आलीस?"

सत्यभामा उभीच होती. "तुमी हात लावताव का न्हाय, ते बघाया," ती म्हणाली.

तुळजाबाईनं तिच्याकडं पाहिलं. त्या दिवसापासून पहिल्यांदाच नीट पाहिलं. तिनं शेंगांचा ढीग पायानं जरासा मधे ओढला.

"बसायचं तर शेंगा फोडत बस," ती म्हणाली. "पर बोलू नगं माझ्यासंगं. अजून राग हाय मला."

सत्यभामा बसली. दिवस कलंडेपर्यंत दोघी शेंगा फोडत होत्या आणि कुणी एक अक्षर बोललं नाही.